पटण्यासारखी वाक्यं

दुसऱ्या दिवशीची आमटी पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, हे वाक्य पनवेलमध्ये कुठेही उभं राहून म्हणा, टपाल नाक्यावर म्हणा नाहीतर यष्टी स्टँडवर म्हणा, शंभरातले नव्याण्णव लोक मान डोलावतील. उरलेला एक म्हणजे आमचे बाबा. या वाक्यावरून त्यांनी घरी आलेल्या पाहुण्यांशी भांडण केलेलं मी स्वतः पाहिलंय. "आमटी तीच असते हो," ते म्हणाले होते, "भूक वेगळी असते. काल दुपारी तुम्ही भजी हादडली होतीत, म्हणून काल नाही आवडली." पाहुणे बिचारे आमटीचं कौतुक करायला गेले होते.

कुणी म्हणालं, उन्हाळा दरवर्षी वाढतच चाललाय, की बाबा म्हणणार, तुमचं वय वाढत चाललंय. कुणी म्हणालं, पूर्वीच्या आंब्यांची चव आता राहिली नाही, की बाबा त्याच्या तोंडाकडे बघून विचारणार, दात किती राहिलेत? आई म्हणायची, "यांना जेवताना मीठ बरोबर आहे ना, एवढं विचारायचीसुद्धा सोय नाही. मीठ म्हणजे काय इथून सुरू करतील." पण तिलाही ठाऊक होतं की ज्याच्याशी ते वाद घालत नसत, तो माणूस त्यांना आवडत नसे. रसायनीच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते आणि कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वाद घालता यावा म्हणून मित्र शेजारची जागा धरून ठेवत.

त्यातलं एक भांडण माझ्यासाठीचं होतं. मी बी.ए. झाले तेव्हा गावातल्या एका छापखान्यात नवीन कॉम्प्युटर आला होता आणि मालकांना त्यावर मराठी टाइप करणारं कुणीतरी हवं होतं. बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे मोठेकाका, म्हणाले, "मुलीची जात, छापखान्यात काय शाई फासून घ्यायला पाठवतोस?" बाबा म्हणाले, "कॉम्प्युटरला शाई नसते, आधी तो बघून ये, मग बोल." दोघं भाऊ महिनाभर बोलत नव्हते. मी नोकरीला लागले आणि दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका जुळवू लागले. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हे शब्द माझ्या बोटांना इतके पाठ झाले की डोळे मिटून उमटायचे. ते काम मला मनापासून आवडायचं. कोऱ्या पडद्यावर एकेक अक्षर येऊन बसायचं आणि संध्याकाळी त्याचा ताव हातात यायचा, याचं सुख मला अजून नीट सांगता येत नाही.

मग एका सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून ब्रश पडला आणि तो उचलायला ते वाकले ते वाकलेच.

इस्पितळातून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले होते आणि वाचा गेली होती. म्हणजे सगळी नव्हती गेली. एक शब्द राहिला होता. "बरोबर." देवालाही काय एकेक सुचतं बघा. अख्ख्या जन्मात ज्या माणसानं हा शब्द कुणावर खर्च केला नाही, त्याच्या तोंडात नेमका तेवढाच शिल्लक ठेवला. पाणी हवं असलं तरी बरोबर, पंखा बंद करायचा असला तरी बरोबर, आणि आपण ग्लास पुढे केला की चिडूनसुद्धा बरोबर.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. "त्यांना कळतंय सगळं. फक्त बाहेर यायची वाट बंद झालीय. हा शब्द ते बोलत नाहीत, तो निघतो. उचकी येते तसा. समोरच्याचं बोलणं संपलं की निघणारच, त्यांच्या मनात असो वा नसो." मानेचाही भरवसा नव्हता. हो म्हणायला आडवी हलायची, नाही म्हणायला उभी, आणि मग स्वतःच गोंधळून ते डोळे मिटून घ्यायचे. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघा व्हायच्या. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर त्यांनी पेन्सिल फेकून दिली, आणि मला तेवढंच बरं वाटलं, कारण फेकण्यात बाबा दिसले.

भेटायला माणसं येत, पण बोलणार काय? 'कसं वाटतंय' विचारावं तर उत्तर एकच. वाद घालायला आलेले मित्र एक वाक्य टाकत, बाबा "बरोबर" म्हणत आणि मित्राचं तोंड एवढंसं होई. मग तो आईला औषधांचं विचारी आणि चहा न घेता निघून जाई. बाबा दारापर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. मला त्या पाठींचा राग यायचा.

यातून वाट काढली ती करंजाड्याच्या काकांनी. हे बाबांचे कारखान्यातले मित्र, बसमधली शेजारची जागा धरणारे. थंडीचे दिवस होते. ते वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आले, बाबांच्या खाटेशी खुर्ची ओढून बसले आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "पोपटीला शेंग म्हंजे आपल्या वावरातलीच पायजे. बाजारातली काय कामाची नाय."

"बरोबर," बाबा म्हणाले.

काका बघतच राहिले. मडक्यात शेंगा आणि वर भांबुर्ड्याचा पाला भरून शेकोटीत भाजायच्या, ती पोपटी. तिच्याबद्दल या वाक्यावर आमच्या भागात कुणाचंच दुमत नसतं, पण बाबांनी इतकी वर्षं बाजारातल्या शेंगांची बाजू लावून धरली होती.

"वयनी," काकांनी आईला हाक मारली, "आयकलं काय? येवड्या वर्सांत पयल्यांदा आमचा पटला." ते हसले, आणि हसता हसता पंच्याने डोळे पुसू लागले. बाबाही हसत होते, अर्ध्या चेहऱ्याने. मग काकांना धीर आला. पेज असावी तर उकड्या तांदळाचीच. बरोबर. सुकट भाजायला घेतली की नेमका कुणीतरी शाकाहारी माणूस दारात उभा राहतो. बरोबर. तासभर ते दोघं असे बोलत बसले आणि कित्येक दिवसांनी आमच्या घरात गप्पांचा आवाज आला.

ही गोष्ट गल्लीत पसरली. तेव्हापासून आमच्याकडे येणारा माणूस येताना एखादं पटण्यासारखं वाक्य घेऊन यायचा, जसं आजाऱ्याकडे जाताना मोसंबी न्यावीत तसं. हरवते ती चप्पल नेहमी नवीच असते. पाहुणे यायच्या दिवशीच गॅस संपतो. आपण उभे असतो ती रांग सोडून दुसरी सरकते. भरलेल्या यष्टीत मुंगी शिरायला जागा नसली तरी कंडक्टरला मागे जागा दिसते. दवाखान्याची पायरी चढली की दुखायचं थांबतं. फोडणीच्या पोळीसाठी मुद्दाम चार पोळ्या जास्तीच्या कराव्यात. समोरच्या काकू तर घरून घोकून यायच्या आणि दारातच सुरुवात करायच्या, "भावोजी, दुपारच्या झोपेला तोड नाही बघा." आई आतून विचारायची, "आज काय आणलंत पटण्यासारखं?"

मला तेव्हा या वाक्यांची गंमत कळली. छापखान्यात काम करताना मी ती जमवत बसायचे. वाटायचं, माणसांचं एकमेकांशी काही म्हणता काही जमत नाही, पण आमटी, चप्पल आणि कंडक्टर यांवर सगळं गाव एक होतं. असं वाक्य म्हणजे बसायला पुढे केलेला पाट. येणारा कुठलाही असो, त्यावर टेकतो, जरा विसावतो, आणि मग काय बोलायचं ते बोलतो. वाद घालणाऱ्या बाबांची मुलगी असून मी हे म्हणतेय, हे त्यांना त्या वेळी सांगितलं असतं तर त्यांनी पेन्सिलच फेकली असती.

पण पाट दिला की कुणी कुणी पाय पसरून बसतो, तेही लवकरच कळलं. आमच्या परसात शेवग्याचं झाड होतं, त्याच्या शेंगा बाजूच्यांच्या पत्र्यावर वाजायच्या. त्या गृहस्थांनी एक दिवस, घरात बाबा एकटेच असताना येऊन उकाड्याबद्दल एक वाक्य टाकलं, डासांबद्दल दुसरं टाकलं, आणि त्याच सुरात म्हणाले, "तुमच्या शेवग्याच्या दोन फांद्या छाटाव्यात म्हणतो, सगळ्यांच्याच सोयीचं." बाबा म्हणाले, "बरोबर." दुपारी आई आणि मी बाहेरून आलो तर झाडाचा नुसता खुंट उरला होता आणि बाबा खिडकीच्या गजाला डाव्या हाताने धरून ओरडत होते, "बरोबर! बरोबर! बरोबर!" लाल झालेला तो चेहरा मी विसरू शकत नाही. शेजारी म्हणाले, "अहो, मी विचारलं होतं की त्यांना." आणि विचारलं होतंच हो त्यांनी, दोन फांद्यांचं का होईना, खोटं कसं म्हणणार!

त्या दिवसापासून आई कुणालाही बाबांजवळ एकटं बसू देईना. तिला त्यांच्या शब्दाच्या तऱ्हा ओळखता येत. भुकेचा बरोबर वेगळा, कंटाळ्याचा वेगळा, आणि 'गप बस आता' हा अर्थ असलेला तर फारच वेगळा. मला त्यातल्या निम्म्याच कळायच्या. बाहेरच्या कुणाला एकही कळत नसे, आणि कळून घ्यायची गरजही वाटत नसे. सोयीचाच शब्द होता तो.

पुढच्या वर्षी मोठेकाकांनी माझ्यासाठी डोंबिवलीचं एक स्थळ आणलं. बाबा आजारी पडल्यापासून ते घरात लक्ष घालत होते आणि त्यांनी आमचं खूप केलं, हे सांगितलंच पाहिजे. इस्पितळात रात्रंदिवस तेच बसले होते. पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलगा मला आवडला. त्याने इतरांसारखं 'स्वयंपाक येतो का' असं विचारलं नाही. कॉम्प्युटरवर जोडाक्षरं कशी काढता, असं विचारलं, आणि मी सांगत असताना खरंच ऐकलं. नंतर किती तरी दिवस मला तो 'क्ष' टाइप करताना आठवायचा.

पुढची पायरी म्हणजे बैठक, जिथे देणंघेणं, मानपान ठरतं आणि मुलीचा बाप शब्द देतो. आई मोठेकाकांना म्हणाली, "भाऊजी, हिच्या नोकरीचं आधी बोलून घ्या. हिला काम सोडायचं नाही. डोंबिवलीला छापखाने काय कमी आहेत?"

"बघू की बैठकीत," काका म्हणाले. "शब्द काय, यालाच द्यायचाय. आणि हा काय नाही म्हणतोय होय?" ते हसले. त्यात वाईट काही नव्हतं, थकलेल्या माणसाची थट्टा होती. पण मला मुलगा हवा होता आणि कामही हवं होतं. दोन्हींचा निकाल ज्यांच्या तोंडून लागायचा, त्यांच्या तोंडात एकच शब्द होता.

बैठक रविवारी दुपारी झाली. बाबांना स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसवलं होतं, उजवा हात मांडीवर नीट ठेवला होता. आई खुर्चीच्या मागे उभी होती. मी आतल्या दाराशी. मुलाचे वडील मोकळ्या स्वभावाचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते. बाबांचं असं आहे, हे काकांनी त्यांना आधी सांगितलेलं दिसलं, कारण त्यांनी अगदी आपुलकीने बाबांशीच बोलायला सुरुवात केली.

"चहात आलं नसेल तर तो चहाच नव्हे."

"बरोबर," बाबा म्हणाले. सगळे हसले.

"पनवेलची हवा डोंबिवलीपेक्षा बरी, काही म्हणा."

"बरोबर."

"मुलींची माया वडलांवर जास्त असते. मुलगे काय, आईचे."

"बरोबर." मुलगा लाजून खाली बघू लागला. खोलीत छान वाटत होतं. मानपानाचं पटापट ठरलं, त्यांची हाव अशी काही नव्हतीच. मीही दाराला टेकून सैल उभी होते.

आणि मग त्याच सुरात, त्याच हसऱ्या आवाजात ते म्हणाले, "आता नोकरीचं म्हणाल, तर लग्नानंतर बाईनं घर सांभाळलेलंच सगळ्यांच्या हिताचं. काय?"

कुणीही दचकलं नाही. मुलाच्या आईने मान डोलावली, काकांनी डोलावली, मुलाने नजर वर केली नाही. मी एवढी त्या वाक्याला घाबरून बसलेली, पण ते इतक्या ओळखीच्या पावलांनी आलं की माझीही मान हलायच्या बेतात होती. आल्याच्या चहानंतर आणि पनवेलच्या हवेनंतर ते त्याच पंगतीतलं वाटत होतं. त्या गृहस्थांनाही ते तसंच वाटत असणार. त्यांनी काही कावा केला नव्हता. आमटीसारखंच हेही सगळ्यांना पटतं, अशी त्यांची खात्री होती. आता फक्त बाबांचा शब्द निघायचा होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

शब्द निघाला नाही.

बाबांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला. तळवा घट्ट दाबून. हाताच्या आत गाल हलत होते, गळ्याची शीर ताणली होती, आणि आतून "ब... ब..." असा घुसमटलेला आवाज येत होता. ती उचकी बाहेर यायला धडपडत होती आणि ते तिला येऊ देत नव्हते. डोळ्यांत पाणी आलं होतं. नजर दुसऱ्या कुणाकडे नव्हती, माझ्याकडे होती.

"काय झालं? ठसका लागला काय?" मुलाचे वडील काळजीने उठले.

"थकलाय तो," काका म्हणाले. मग बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "अरे, ते विचारतायत. बरोबर म्हण ना. म्हणतोस ना नेहमी."

बाबांनी हात आणखी दाबला.

आई खुर्चीमागून पुढे आली. पाहुण्यांसमोर, त्यातही काकांसमोर, ती कधी मोठ्याने बोललेली मी ऐकली नव्हती. "ठसका नाही लागलेला भाऊजी," ती म्हणाली, "नाही म्हणतायत ते."

काका म्हणाले, "त्याला कळत तरी असेल का, काय विचारलंय ते?" आई म्हणाली, "पुन्हा विचारून बघा." कुणी पुन्हा विचारलं नाही. पाहुण्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले, चांगल्या माणसांसारखा निरोप घेतला. मुलगा चपला घालताना क्षणभर थांबला, मग वडलांच्या मागून दाराबाहेर पडला. काका त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. ते स्थळ गेलं हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि मला वाईट वाटलं, खूप वाटलं, ते कशाला लपवू?

रिक्षाचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला तरी बाबांचा हात तोंडावर तसाच होता. आई त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. "गेले ते," ती म्हणाली, "सोडा आता." त्यांना सोडता येईना. बोटं आखडून बसली होती. मग तिनं एकेक बोट उचलून हात खाली घेतला, आणि बाबांच्या गालावर त्यांचीच बोटं लालभडक उमटलेली होती.